कवडी कोणाच्या नावाची

४ मार्च, मातालोआ

पेसामिनो,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फोन कापता येतो. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की तू दोन ओळी वाचशीलच, तू लंगोटात असल्यापासून मी तुला ओळखते. फेतू ऑकलंडला निघाली आहे, तिच्या पिशवीत कोकोच्या वड्यांशेजारी हे पाकीट ठेवलंय. वड्या तिच्या सुनेसाठी आहेत. हावरटपणा करू नकोस.

मी रडगाणं गायला लिहीत नाही. मिरवायला लिहितेय. माझी मोएलागी घरी आली! जिला तू खांद्यावर बसवून रविवारच्या शाळेत न्यायचास, ती आता डॉक्टर आहे, आणि तीही म्हाताऱ्यांच्या विसरण्याची. पाद्रीबाईंनी नाक मुरडून विचारलं, "विसरण्याचेही डॉक्टर असतात का हो, रेपेका?" मी म्हटलं, "असतात, आणि त्यातली एक माझ्या पोटची आहे."

ती एकटी आली नाही, तीन वर्षांचा पैसा घेऊन आली आहे. न्यूझीलंडमधल्या एका निधीनं दिलाय. आपल्या बेटांवर किती माणसांना डिमेन्शिया होतो, तो लवकर कसा ओळखायचा, आणि ओळखल्यावर काय करायचं, हे शोधायचं. जगभरच्या पुस्तकांत सगळ्यांचे आकडे आहेत म्हणे, फक्त आपल्या रकान्यात रेघ. मोएलागी म्हणते, "आई, ती रेघ मला खोडायची आहे." असं बोलायला ती शिकली कुणाकडून? माझ्याकडूनच.

पहिल्या आठवड्यात काय गंमत झाली सांगते. तपासणीचे प्रश्न परदेशातून भाषांतर होऊन आलेले. वेलिंग्टनचे मोठे डॉक्टर स्वतः हजर, ताडासारखे उंच. त्यांनी उभ्या उभ्याच म्हाताऱ्यांना विचारायला सुरुवात केली. मोएलागीनं शर्ट ओढून त्यांना चटईवर बसवलं, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. मग प्रश्न: "आपण कितव्या मजल्यावर आहोत?" आपल्या घरांना भिंती नाहीत, मजला कुठून आणायचा! मग म्हणे तीन शब्द लक्षात ठेवा: सफरचंद, टेबल, नाणं. आपल्या दादानं विचारलं, "सफरचंद माझ्या बागेत नाही, टेबलाशी माझं काही काम नाही आणि नाणं तुम्ही देणार नाही. लक्षात ठेवून करू काय?" सगळं घर हसलं. मोठे डॉक्टरही हसले. चांगला माणूस आहे.

पण निकाल ऐक: अख्खा जिल्हा पैकीच्या पैकी! एकही म्हातारा विसरत नाही. आहे की नाही आपली माती?

दादा ठणठणीत आहे. अजूनही आपल्या गावाचा तुलाफाले तोच. जिथे गावानं बोलायचं, तिथे गावाचं तोंड तो. बाबा गेल्यावर 'उलुफाले' ही उपाधी कुटुंबानं त्याला दिली, तुला नाही, म्हणून तू "ठेवा तुमची वक्त्याची काठी, चूल पेटवायला घ्या" असं म्हणून बोटीत बसलास. चौदा वर्षं झाली. मी ते उकरत नाही. सांगायचं एवढंच की सप्टेंबरात चर्चच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे, सगळी गावं येणार, आणि मैदानात स्वागताचं भाषण दादाचंच. मी हल्ली त्याच्या मागे पंखा घेऊन बसते. उकाडा फार वाढलाय.

तुझी बहीण,
रेपेका


२ एप्रिल

पेसामिनो,

उत्तर नाही. ठीक आहे. मला बोलायला समोरच्यानं बोललंच पाहिजे असं नाही, हे माझ्या नवऱ्यानं तीस वर्षं भोगलं.

मोएलागी आणि मी भांडलो. त्या पैकीच्या पैकीवरून. तिला पहिल्या दिवसापासून संशय होता, मग तिनं नीट पाहिलं. सासऱ्याला वार विचारला की सून भात वाढता वाढता वार बोलून जाते. आजोबाला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं की नातू कागद धरायच्या निमित्तानं हात धरतो. मुद्दाम कोणी करत नाही. घरातलं मोठं माणूस परक्यापुढे अडखळलं आणि तुम्ही बघत बसलात, तर तुमच्यासारखे बेशरम तुम्हीच. आपण सगळे तसेच वाढलो.

मोएलागी म्हणाली, "आई, ही उत्तरं म्हाताऱ्यांची नाहीत. घराची आहेत."

मी म्हटलं, "मग त्यात वेगळं काय असतं गं?"

ती रागावून उठली, अंगणात फेऱ्या मारल्या, आणि परत येऊन म्हणाली, "तूच मला मदत करायचीस." माझी लेक आहे, राग फार वेळ फुकट घालवत नाही.

आता नवी पद्धत निघाली आहे, आणि ती आपल्या मातालोआत निघाली हे ऑकलंडभर सांग. सफरचंद गेलं, मजले गेले. ज्यानं जन्मभर जे केलं, तेच त्यानं सांगायचं. कोळ्यानं चंद्राच्या रात्रींची नावं सांगायची, अमावास्येपासून पालोलो किडे समुद्रातून वर येतात त्या रात्रीपर्यंत. बाईनं बारीक विणीच्या चटईचं काम सांगायचं: पान कधी तोडलं, कधी उकडलं, समुद्रात कधी भिजवलं. वक्त्यानं गावांची मानाची नावं म्हणायची, ज्या क्रमानं म्हणतात त्या क्रमानं. ऐकायला त्याच कामातली दोन जाणती माणसं पाठीमागे बसतात. चूक म्हणायचं नाही, खाकरायचं नाही. काही गळलं किंवा पुढेमागे झालं, तर एक कवडी चटईवर अलगद ठेवायची, बस्स. म्हाताऱ्याला दिसत नाही, ऐकू येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. शिवाय रक्त तपासतात, कान तपासतात.

आणि घरच्यांना त्या वेळेपुरतं बाहेर काढायचं काम कुणाचं? माझं! परक्या डॉक्टरचं कोण ऐकतं? मी पायरीवर उभी राहते आणि म्हणते, "सुनांनो, उमूच्या भट्टीत दगड तापलेत का बघा. पोरांनो, नारळ. तू काय बघतोस? तूही नारळ." घर रिकामं. मला गळ्यात घालायचं कार्ड मिळालंय, फोटोसकट, त्यावर लिहिलंय 'कुटुंब समन्वयक'. रविवारी चर्चला घालून गेले होते. पाद्रीबाईंनी वाचेपर्यंत समोर उभी राहिले.

लोसाआजी आठवते? तिची सगळी आठवण गेली म्हणून घरच्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं होतं. निघालं काय, तर थायरॉइड आणि एक बहिरा कान. गोळ्या सुरू झाल्या, कानात यंत्र आलं, आणि आता ती पुन्हा सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवते. सुनेला हे संशोधन फारसं आवडलेलं नाही.

दादा कामात आहे. मोएलागी दोनदा म्हणाली, "मामाची बैठक कधी ठेवू?" मी म्हटलं, त्याला सवड नाही. परवा तो तारोच्या शेतावरून खालच्या वाटेनं घरी आला, चर्चला वळसा घालून, कारण वरच्या वाटेवर खड्डे पडलेत. कोकोत मीठ घातलं, पण ते कोणाच्याही हातून होतं. मलाही होतं.

मोएलागी म्हणते मी तिच्या कामाला तोंडानं टाळ्या वाजवते आणि हातानं वाट अडवते. बघ, कशी बोलते आईला.

रेपेका


११ मे

पेसामिनो,

या पत्रात मिरवण्यासारखं काही नाही असं मला लिहायला बसताना वाटलं होतं. लिहून झाल्यावर बघू.

काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर दादा उठला नाही. मी चटई गुंडाळायला लागले तर म्हणाला, "बस. तो पंखा खाली ठेव."

मी ठेवला.

"तू त्याच्याआडून मला नावं सांगतेस. कधीपासून?"

मी म्हटलं, "उकाडा..."

"रेपेका. मला ऐकू येतं. मला ऐकू येतं तर समोरच्यांनाही ऐकू येतं. सगळ्यांना येतं आणि सगळे न आल्यासारखं करतात."

मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी लेफाओच्या गावी मयताला गेला होता, तेव्हा मी नव्हते बरोबर. भर मैदानात, त्यांच्या नावांत, त्यानं त्यांचा मूळपुरुष गाळला. सामाला हे नाव! पेसामिनो, तुला ठाऊक आहे, बाबांच्या काळात यावरून दगड उचलले गेले असते. आणि लेफाओ कोण? जो दादाच्या एकेका शब्दावर काठी आपटून उठतो, दोघांची चौदा वर्षांची जुगलबंदी, ज्याला ऐकायला लोक बसनं येतात.

"तो उठला नाही," दादा म्हणाला. "मान खाली घातली त्यानं. त्याच्या मागच्या सगळ्यांनी घातली. मला वाटलं, काय झालं यांना? मग कळलं काय झालं ते. त्यानं मला शिवी दिली असती ना, तर मी घरी येऊन सुखानं झोपलो असतो."

मी रडायला लागले. तो म्हणाला, "तुम्ही सगळे मला सांभाळता, हे प्रेम आहे, मला कळतं. पण त्या प्रेमात मी एकटा पडलोय, बाई. कोणी खरं बोलायलाच नाही. तुझ्या मुलीला सांग, मला बसायचंय."

मी मोएलागीला सांगितलं. ती मामाच्या पायाशी जाऊन बसली आणि त्याचे पाय चेपू लागली. डॉक्टर असून.

लिहून झालं. आता वाटतं, यातही मिरवण्यासारखं आहे. इतकं सरळ बोलणारा माणूस आपल्या घरात जन्मला.

रेपेका


२० जून

पेसामिनो,

बसलास का? बस. हे पत्र उभ्यानं वाचायचं नाही.

दादाची बैठक झाली. आपल्या घरात नाही, गावाच्या बैठकीच्या घरात. सगळे उपाधीवाले मताई आपापल्या खांबाशी, बायका मागे, पोरं बाहेर गवतात. दादानंच असं ठरवलं. मोएलागी नको म्हणत होती, "मामा, हे खाजगी असतं, नियम आहे." तो म्हणाला, "खाजगी कशाला? लाज वाटण्यासारखं काही असेल तर खाजगी. तुझ्या त्या कवड्या लोक चोरून ठेवतात, म्हणून सगळे चोरून आजारी आहेत. मी आधी बसतो. मग बघ कोण येत नाही." मोएलागीनं वेलिंग्टनला फोन केला, दादानं त्यांच्या कागदावर सही केली, दोनदा वाचून घेऊन.

ऐकायला माणूस कोण मागितला सांग. लेफाओ! "माझी चूक धरायला त्याच्याइतका भुकेला दुसरा कोणी नाही." निरोप गेला. लेफाओ नवी लावालावा नेसून, अंगाला तेल लावून आला, लग्नाला यावं तसा. पण बसला तो चोरासारखा.

दादानं चटईवर ठेवायची कवडी नाकारली. लाकडी वाडगा आणवला. म्हणाला, "यात टाका. आवाज झाला पाहिजे."

आणि सुरू केलं. पेसामिनो, सुरुवात अशी केली की बाबा उठून बसले असते. आवाज तोच. मग चौथ्या गावापाशी एक नाव गेलं. लेफाओचा हात कवडीवर, पण उचलेना. दादानं मागे वळून न बघता म्हटलं, "लेफाओ, झोपलास काय?"

टक्.

दादानं मान डोलावली आणि पुढे गेला. पुन्हा टक्. काही गावं सलग, स्वच्छ, धबधब्यासारखी. पुन्हा टक्. लेफाओच्या स्वतःच्या गावाशी आला, आणि पुन्हा सामाला गेला. लेफाओ ती कवडी हातात धरून रडत होता, म्हातारा माणूस, सगळ्यांसमोर. स्वतःच्या मूळपुरुषाची कवडी त्यानं वाडग्यात टाकली.

संपल्यावर दादा वळला आणि म्हणाला, "आता कसा माणसासारखा वागलास. गेल्या वर्षी कुठे गेला होतास?"

सगळे हसले. रडत होते तेही हसले. मी जन्मात इतकी ताठ बसले नव्हते. माझा भाऊ भर सभेत चुकला आणि मला वाटत होतं, बघा, बघून घ्या, हा माझा भाऊ आहे.

पुढच्या सोमवारी मोएलागीच्या चटईपाशी रांग लागली. कोळी आले, पाद्रीबाईंची आई आली, पलीकडच्या गावाचा एक मताई बोटीतून आला, ज्यानं मार्चमध्ये पैकीच्या पैकी मिळवले होते, सुनेच्या कृपेनं. मोएलागी स्वयंपाकघरात येऊन माझ्या खांद्यावर रडली. मोठ्या डॉक्टरांनी फोनवर म्हटलं की ही पद्धत आता फिजी आणि टोंगातही करून पाहायची. मी म्हटलं, तिथे घरं रिकामी करायला कोण आहे? ते म्हणाले, तुम्ही शिकवायला जाल का? बघते म्हटलं. भाव खाल्ला थोडा.

आता दादाचं. मेंदूची चित्रं काढायला त्याला बोटीनं आपियाला आणि तिथून विमानानं न्यूझीलंडला नेलं होतं. डिमेन्शियाची सुरुवात आहे. मोएलागीनं आम्हाला समोर बसवून सांगितलं, काही लपवलं नाही. गेलेलं परत आणायचं औषध आज नाही. पण रक्तदाब, साखर ताब्यात ठेवायची, रोज चालायचं, लोकांत राहायचं, एक गोळी आहे ती घ्यायची. जाण्याचा वेग कमी होऊ शकतो. "आणि बोलणं सोडायचं नाही, मामा," ती म्हणाली. "तेच तुमचं सगळ्यात पक्कं आहे."

दादानं यावर विचार केला. मग कुटुंबाला बोलावलं आणि जे म्हणाला ते मी शब्दशः लिहिते: "सप्टेंबरात मी बोलायला उभा राहीन. पण शेवटपर्यंत पोचेन की नाही, सांगता येत नाही. माझ्या जागी पुढे नेणारा पाहिजे, आणि ती नावं बाबांनी मला आणि पेसामिनोलाच शिकवली. उपाधी आम्हा दोघांत वाटून द्या."

चुलत्यांनी कुरकुर केली: चौदा वर्षं तोंड दाखवलं नाही, घरच्या एकाही मयताला आला नाही, आता मान कशाचा? मग मी बोलले. बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाहीत आणि चुलते तर नाहीच नाहीत. मी म्हटलं, "त्याला राग आहे, तो मी सांभाळते. तुम्ही उपाधीचं बघा." ठरलं.

तर असं आहे. दादाचं नाव राहायचं की तो मैदानात अर्ध्यावर उभा राहायचा, हे आता तुझ्यावर आहे. मी गोड बोलून सांगणार नाही. तू नाही आलास तर तो तरीही उभा राहील, तू ओळखतोस त्याला, आणि जिथे थांबेल तिथे थांबेल, आणि सगळा जिल्हा माना खाली घालेल. मला ते बघायचं नाही.

त्याचा एकच निरोप आहे. "त्याला सांग, काठी अजून चुलीत घातलेली नाही. दर शनिवारी तेल लावतो."

तुझी बहीण


१९ ऑगस्ट

पेसामिनो,

मोएलागीच्या फोनवर तुझा निरोप आला: "कोणत्या बोटीनं येऊ?" चौदा वर्षांनी तीन शब्द. तुलाफाले व्हायचं म्हणणाऱ्याच्या मानानं फारच काटकसर.

दुपारच्या बोटीनं ये. बंदरावर मी असेन, गळ्यात कार्ड घालून. येताना डबाबंद मांस आण, मोठ्या डब्याचं, लोक मोजत नाहीत पण बघतात. आणि विमानात नावं म्हणत ये. शेजारचा वेडा समजला तर समजू दे.

रे.


२८ सप्टेंबर

पेसामिनो,

तू गेलास त्याला आठवडा झाला. घरात अजून तुझ्या मोज्यांचा वास आहे. इकडे मोजे कोण घालतं?

तुला वाटेल, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, आता ही काय लिहिणार? पण तू काठी घेऊन मैदानाकडे तोंड करून उभा होतास आणि दादा तुझ्या मागे बसला होता. तू जे पाहिलं नाहीस ते सांगायला हे पत्र आहे.

तो अर्ध्यावर थांबला, तेव्हाचं तुला माहीत आहे. काठीवर रेललेला, चवरी खांद्यावर, तोंड उघडं, आणि शब्द नाही. समोर सगळी गावं. माझा पंखा मांडीवर होता. नाव सांगणार नाही, असं मी त्याला वचन दिलं होतं. मग तो वळला आणि तुझ्या हातात काठी देत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "इथून पुढे माझा भाऊ सांगेल. दोघांचं नाव एकच आहे." कुणी काही हरकत घ्यायच्या आत तू सुरू झालास. पहिल्या दोन नावांत तुझा आवाज ऑकलंडचा होता, तिसऱ्यापासून बाबांचा.

तू बोलत होतास तेव्हा दादाचे ओठ हलत होते. प्रत्येक नावाला. एकटा असताना जी नावं त्याच्या हाताला लागत नव्हती, ती तुझ्या आवाजामागून त्याला सापडत होती, एकही न गळता. मोएलागी माझ्याशेजारी होती. तिनं माझा दंड इतका दाबला की वळ उठला. आता ती म्हणते, पुढच्या वर्षीच्या कामात वक्त्यांना जोडीनं बसवून पाहायचं. एकट्याला जे सुचत नाही ते सोबतीनं कितपत येतं, याचा अभ्यास करायचा. निधीवाल्यांना अर्ज गेलासुद्धा. मी तिला म्हटलं, मार्चमध्ये मी तुला विचारलं होतं ना, वेगळं काय असतं? ती म्हणाली, "हो आई, तुझं नाव घालते अर्जात." घालेल. नाही घातलं तर विचारीन.

आता लेफाओच्या गावाशी तू अडकलास ते. तू नाव शोधत आभाळाकडे बघायला लागलास, आणि लेफाओनं काठी आपटली: "अरे उलुफाले! ऑकलंडच्या थंडीत आमचा मूळपुरुष गोठला काय?" सगळं मैदान हसलं. तुझे कान लाल झालेले मला मागून दिसले. तुला अपमान वाटला, रात्रभर तू घुम्यासारखा जेवलास. वेड्या, त्या वेळी दादाचं तोंड बघायला हवं होतंस! लेफाओ ओरडला आणि दादा असा उजळला, जसा बाबांनी पाठ थोपटल्यावर उजळायचा. आपल्या घरावर पुन्हा कोणीतरी तुटून पडलं होतं. आपलं घर पुन्हा त्या लायकीचं झालं होतं.

आणि मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "सामाला." तू ते उचललंस आणि पुढे गेलास. जेवताना तू माझ्या कानात म्हणालास, "पंख्याबद्दल आभार, ताई."

मी तेव्हा काही बोलले नाही, पाहुणे होते. पेसामिनो, मी नव्हते. माझा पंखा मांडीवर होता आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते. ते नाव दादानं सांगितलं. जे त्याच्याकडून मयतात गेलं, बैठकीत गेलं, तेच.

तुला पुढे सरकलेला बघून त्यानं मोएलागीला खूण केली. तिच्या पिशवीत कवड्या असतातच. त्यानं एक मागून घेतली आणि आपल्या चटईवर ठेवली, टक् करून, मला आणि तिला ऐकू जाईल इतकी. म्हणाला, "ही माझी नाही. ही त्याच्या नावाची."

तो बरा आहे. गोळी घेतो, लेफाओबरोबर चालायला जातो, दोघं वाटभर भांडतात. काही दिवस चांगले, काही नाहीत. उद्घाटनाचा दिवस त्याच्या हाताला लागत नाही. रोज सकाळी कोको पिताना विचारतो, "पेसामिनो आला होता का गं?"

"आला होता."

"बोलला?"

"बोलला. सगळी गावं."

मग तो थोडा पुढे वाकतो आणि विचारतो, "चुकला का?"

"एकदा."

तेव्हा तो इतका हसतो की कोको सांडतो. रोज. मला वाटलं होतं, हे रोज सांगताना मला रडू येईल. नाही येत. मी सकाळची वाट बघते.

ती कवडी या पाकिटात आहे. त्यानंच पाठवायला सांगितली. विमानतळावर विचारलं तर सांग, सरकारी संशोधनाचं सामान आहे, माझ्या कार्डाचा नंबर दे. हरवू नकोस. नाताळला येशील तेव्हा ती परत आण, आणि ते नाव पाठ करून ये.

तुझी बहीण,
रेपेका, कुटुंब समन्वयक